सहा पानांत नसलेलं नाव

किनमोकुसेई फुलला की टोकियोच्या निशी-कसाईत कुणाला सांगावं लागत नाही. बुधवारी सकाळी प्लास्टिकच्या कचऱ्याची पिशवी घेऊन मी खाली उतरते आणि जिन्याच्या वळणावरच तो वास अंगावर येतो. पिकलेल्या जर्दाळूसारखा, थोडासा आंघोळीच्या साबणासारखा. झाड शोधायला गेलं तर ते कुणाच्या तरी कुंपणात अंग चोरून उभं असतं. फुलं म्हणाल तर मोहरीच्या दाण्यापेक्षा जरा मोठी, केशरी. एवढ्याशा फुलांनी अख्खी गल्ली ताब्यात घ्यावी याचं मला दरवर्षी नव्यानं नवल वाटतं. कधी आठवडाभर, कधी दोनदा फुलून महिनाभर चालतं हे. मग एक जोराचा पाऊस येतो, स्टेशनबाहेरच्या सायकलींच्या सीटवर केशरी सडा पडतो आणि संपलं.

आमची ईरा मराठीत विचारलेल्या प्रश्नाला जपानीत उत्तर देते. या दिवसांत तीसुद्धा शाळेतून आली की दप्तर टाकायच्या आधी खिडक्या उघडते. निखिल, माझा नवरा, बँकेतून आला की त्या बंद करतो, कारण त्याला शिंका येतात. मी पुन्हा उघडते. मला तो वास फार आवडतो अशातला भाग नाही. त्या वासाबरोबर मला माझी एक चूक आठवते, आणि ती आठवत राहावी असं मला वाटतं.

दोन वर्षांपूर्वीचा किनमोकुसेई. चार शनिवार.

त्याआधी माझ्याविषयी थोडं सांगायला हवं, नाहीतर चूक कळायची नाही. मी जपानी शिकले ती पुण्यात, कॉलेज सांभाळून, एकेक परीक्षा देत. आमच्या बाई सांगायच्या, "मुलींनो, जपानीत तोंडावर नाही म्हणायचं नसतं. 'जरा अवघड आहे' म्हणायचं. समोरचा अवघडेल असं वाक्य आलं की त्याला गोल करा." मी हुशार विद्यार्थिनी. गोल करण्यात माझा हात कुणी धरला नसता. निखिलची बदली टोकियोला झाली, त्याच्यामागून मी आले आणि घरबसल्या भाषांतराची कामं घेऊ लागले. मशिनची माहितीपत्रकं, करार आणि एका कंपनीचे मदतकार्याचे अहवाल. जपान सरकारच्या पैशांतून बांगलादेशातल्या छावण्यांमध्ये नळ, संडास, दवाखाने, ताडपत्र्या असं बरंच काही जायचं. ते किती पोचलं, कसं पोचलं, याचे ते अहवाल. इंग्रजीतून जपानीत.

प्रत्येक कामाबरोबर एक शब्दसूची यायची. कोणत्या शब्दाला कोणता शब्द वापरायचा याची यादी. भाषांतराच्या धंद्यात ती पाळायचीच असते. इंग्रजी मजकुरात 'रोहिंग्या' असं आलं की यादीत समोर लिहिलेलं असायचं, 'राखाइन राज्यातील मुस्लिम' किंवा नुसतंच 'विस्थापित'. पहिल्यांदा मी विचारलं होतं. उत्तर आलं, सरकारी कागदांत असंच लिहितात. म्यानमारच्या राज्यकर्त्यांना तो शब्द चालत नाही. ते म्हणतात असे लोक आमच्याकडे नाहीतच. जपानला दोन्हीकडे बोलणं चालू ठेवायचं आहे, तेव्हा मदत द्यायची आणि नाव टाळायचं. मला ते तेव्हा समंजसपणाचं वाटलं. चार-पाच वर्षं मी ती यादी पाळली, आणि पुढे पुढे तर यादी बघावीसुद्धा लागेना.

मग एका स्वयंसेवी गटाकडून फोन आला. हिंदी-उर्दू समजणारं आणि जपानी लिहिणारं कुणीतरी हवं होतं. एका रोहिंग्या गृहस्थांचा निर्वासित म्हणून पहिला अर्ज फेटाळला गेला होता, दुसरा करायचा होता. त्यांचं निवेदन लिहून घ्यायचं, जपानीत करायचं, वाचून दाखवायचं, सही घ्यायची. ते टोकियोला येऊ शकत नाहीत, तुम्हालाच जावं लागेल, असं फोनवरच्या बाई म्हणाल्या. मला वाटलं आजारी असतील.

तब्येत ठणठणीत होती. करीमभाई उत्तरेला दीड-दोन तासांवर, कारखान्यांच्या एका सपाट गावात राहतात. भातकापणी झालेली शेतं, मध्येच पत्र्याची शेड, प्रत्येक अंगणात काकीची पिवळी होत आलेली, टोमॅटोएवढी फळं, आणि गावाच्या कडेनं एक रुंद नदी. त्यांच्याकडे राहण्याचा परवाना नव्हता. होती ती स्थलांतर खात्याची 'तात्पुरती सुटका' नावाची घडी घातलेली चिठ्ठी. त्या चिठ्ठीवर नोकरी करता येत नाही, आरोग्यविमा मिळत नाही, आणि जिल्ह्याबाहेर पाऊल टाकायचं तर आधी जाऊन परवानगी काढावी लागते, कुठे, कशासाठी आणि कोणत्या तारखेला ते लिहून. वीस वर्षं ते या देशात होते. बायको मुलीच्या लहानपणीच गेली. गावातल्या त्यांच्या ज्या लोकांना कागद मिळाले होते, ते मिळून या दोघांचं घर चालवत होते.

"वहां भी बगल के गांव जाने को चिट्ठी लगती थी," करीमभाई पहिल्याच शनिवारी हसत म्हणाले, "यहां भी लगती है. आदत है, दीदी."

हिंदी ते सिनेमांतून शिकलेले. त्यामुळे मधूनच एखादं वाक्य भलतंच भारदस्त यायचं आणि त्यांची मुलगी नसीमा खुदकन हसायची. ती तेव्हा सोळा वर्षांची, हायस्कूलच्या पहिल्या वर्षाला. शाळा नदीपलीकडे. नदीच्या मधोमध जिल्हा बदलतो, पुलाच्या मध्यावर तशी पाटीच आहे. नसीमाला शाळेपुरती परवानगी होती, वडिलांना नव्हती. रोज सकाळी ते तिच्या सायकलीबरोबर पाटीपर्यंत चालत जायचे आणि तिथून परत फिरायचे. हे मला नसीमानं सांगितलं, जपानीत, चहा ओतता ओतता, जसं आपण सांगू की बाबा बसस्टॉपवर सोडतात.

त्या खोलीत भिंतीवर एकच फोटो होता. त्यांची बहीण, बांगलादेशातल्या छावणीत, बांबूच्या झोपडीच्या दारात बसलेली. मोठ्या जाळपोळीच्या वर्षी ती मुलांना घेऊन नदी ओलांडून पलीकडे गेली. झोपडीवर निळी ताडपत्री होती आणि तिच्या कोपऱ्यावर जपानचा झेंडा. त्या ताडपत्र्यांच्या अहवालाचं भाषांतर कदाचित मीच केलं असेल, असं मी करीमभाईंना सांगितलं. खरं सांगायचं तर जरा मिरवूनच सांगितलं. त्यांनी उठून माझ्या ताटलीत आणखी एक काकीचं फळ कापून ठेवलं.

तीन शनिवार ते बोलले. शाळा कशी बंद झाली, जमिनीचा कागद कसा काढून घेतला, धाकट्या भावाला पोलीस कसे घेऊन गेले. मी आठवते तेव्हा मला त्यांचा आवाज ऐकू येतो, खालच्या पट्टीतला. आणि प्रत्येक दोन-तीन वाक्यांनंतर येणारं, "हम रोहिंग्या लोग". हम रोहिंग्या लोग को शादी की भी इजाज़त लेनी पड़ती थी. हम रोहिंग्या लोग का नाम गिनती में नहीं लेते. मी भराभर लिहून घेत होते. घरी येऊन जपानीत करत होते. ईरा शेजारी गणितं सोडवायची, खिडकीतून तो वास यायचा, आणि माझी वाक्यं अशी सुरेख बसत होती की मीच माझ्यावर खूश. तिसऱ्या शनिवारी सहा पानांचा छापील मसुदा मी त्यांच्या हातात ठेवला. म्हटलं, नजरेखालून घाला, नसीमाकडून समजून घ्या, पुढच्या शनिवारी सही करू.

चौथ्या शनिवारी घराला कुलूप.

शेजारच्या आजीबाईंनी नदीकडे हात केला. मी बांधावर चढले. खाली वाळलेल्या गवताचा उतार, मग पाणी, आणि पलीकडच्या काठावर शाळेचं मैदान. लाउडस्पीकरवर बँडचं संगीत वाजत होतं, रंगीत पट्ट्या बांधलेली मुलं इकडून तिकडे पळत होती. नसीमाच्या शाळेचा खेळांचा दिवस. करीमभाई इस्त्री केलेला पांढरा शर्ट घालून गवतात बसले होते, एकटे.

खेळ खरं तर शुक्रवारी होते. त्यांनी महिनाभर आधी जाऊन परवानगी काढली होती. शुक्रवार, मुलीच्या शाळेत खेळ बघण्यासाठी. कागदावर शिक्का होता, तारीख होती. शुक्रवारी पाऊस पडला. शाळेनं नेहमीप्रमाणे खेळ दुसऱ्या दिवशी ठेवले. परवानगी दुसऱ्या दिवसाची नव्हती.

"कार्यालयाला शनिवारी सुट्टी," ते म्हणाले. "किसको पूछता?"

मी त्यांच्याशेजारी बसले. मला फार संताप आला होता. इतक्या वर्षांचे सभ्य जपानी शब्द पोटात असूनही मला त्या वेळी फक्त मराठी शिव्या आठवत होत्या. पलीकडे रिले सुरू झाली. तिसऱ्या टप्प्याला डोक्याला पांढरा स्कार्फ बांधलेली एक ठिपक्याएवढी मुलगी पळाली. करीमभाई उभे राहिले आणि तिनं काठी पुढच्या मुलीच्या हातात देईपर्यंत उभेच राहिले. मग खाली बसून त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीतून माझी सहा पानं काढली.

"दीदी, बुरा मत मानना. मला कांजीची चित्रलिपी वाचता येत नाही. कारखान्यात होतो तेव्हा खोक्यांवरचं काताकाना शिकलो. परदेशी शब्द त्यात लिहितात ना? आमच्या लोकांचं नाव मला त्यात वाचता येतं." असलं काहीसं ते हिंदीत म्हणाले. "मी सगळी पानं पाहिली. एकेक ओळ, बोट ठेवून. पूरे छह पन्ने. हमारा नाम कहीं नहीं है."

मी पानं हातात घेतली, जणू तिथे असेलच. नव्हतं. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत 'राखाइन राज्यातील मुस्लिम'. तीन शनिवार तो माणूस ज्या शब्दाला धरून बोलत होता तो मी एकदाही कागदावर उतरू दिला नव्हता. कुणी सांगितलं नव्हतं. या कामाला कसली यादी नव्हती. यादी माझ्या हातातच होती.

तोंडात मारल्यासारखं झालं. आणि तरी, हेही लिहायला हवं, मी आधी समर्थनच केलं. म्हटलं, सरकारी कागदांत असंच लिहितात. वाचणारा अधिकारी सरकारचा. त्याच्या ओळखीच्या शब्दांत सांगितलं तर त्याला अवघडल्यासारखं होणार नाही. दार लवकर उघडेल.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "जपान ताडपत्री भेजता है, शुक्रिया. मेरी बहन उसी के नीचे सोती है. त्या ताडपत्रीवर जपानचं नाव आहे, दीदी. खाली कोण झोपतंय त्याचं नाव कुठेच नाही. तिकडच्या सरकारनं आमचं नाव खोडलं म्हणून मी पळालो. मग इकडे येऊन स्वतःच खोडलेलं कसं देऊ?"

नदीपलीकडे टाळ्या वाजत होत्या. मला रडू आलं, पण रडून काय होणार होतं? चूक माझी होती, आणि सही अजून व्हायची होती. मी पर्समधून पेन काढलं. जपानी कागदात चूक झाली तर खोडरबर फिरवत नाहीत, पांढरी शाई लावत नाहीत. दोन सरळ रेघा मारतात, खालचं अक्षर दिसायला हवं, आणि वर बरोबर शब्द लिहून शिक्का उमटवतात. चूक झाली होती हे दिसलं पाहिजे, असा त्यामागचा हिशेब. तो मसुदाच होता. मला घरी जाऊन नव्यानं छापता आला असता. पण करीमभाई म्हणाले, इथेच करू. मग मी दोन रेघा मारायची, वर त्यांच्या लोकांचं नाव लिहायची, पान त्यांच्यासमोर धरायची. ते अक्षरांवर बोट ठेवून वाचायचे, मान हलवायचे आणि पुढचं पान मागायचे. बांधावर कुणाच्या तरी बागेतून किनमोकुसेईचा वास येत होता. चौदा जागा निघाल्या.

नसीमा संध्याकाळी पुलावरून आली तेव्हा आम्ही पाटीपाशी उभे होतो. तिच्या गळ्यात कागदी पदक होतं. तिनं ते वडिलांच्या गळ्यात घातलं आणि मला म्हणाली, "मी पळताना पांढरा शर्ट दिसत होता."

ती खोडलेली सहा पानं माझ्या टेबलाच्या वरच्या खणात आहेत. स्वच्छ प्रत अर्जाला जोडली. आणि मी कानाला खडा लावला. पुढचा मदतकार्याचा अहवाल आला तेव्हा यादीप्रमाणे भाषांतर केलं, पण प्रत्येक ठिकाणी तळटीप घातली, मूळ मजकुरातला शब्द रोहिंग्या. कंपनीतल्या बाईंनी फार सौम्य ईमेल पाठवली, तळटीपा जरा अवघड आहेत. मीही सौम्य उत्तर दिलं, तळटीपा काढणं मला जरा अवघड आहे. दुसऱ्या अहवालाच्या वेळी तेच. तिसरा अहवाल आलाच नाही. निखिल म्हणाला, "अगं, तुझं बरोबर आहे, पण एवढ्या तेवढ्यावरून कामं घालवणार का?" आठवड्यानं त्यानंच ऑफिसमधल्या एका वातानाबे-सान्‌ना जेवणाच्या सुट्टीत विचारलं, रोहिंग्या म्हणजे कोण माहीत आहे का. नाही म्हणाले. मग हा पठ्ठ्या पूर्ण जेवणाची सुट्टी सांगत बसला.

दोन वर्षं निकाल आला नाही. मी महिन्यातून एका शनिवारी जात राहिले. मधल्या काळात आम्ही एक गोष्ट शिकलो. परवानगीच्या अर्जात पाऊस पडल्यास दुसरी तारीख मागायची. फॉर्ममध्ये त्यासाठी जागा नाही, असं खिडकीवरच्या बाईंनी सांगितलं. मी वेगळा कागद जोडला, शाळेचं पत्र जोडलं. गेल्या वर्षी तो परत आला. या वर्षी करीमभाई तीन वेळा जाऊन आले आणि दोन्ही तारखांवर शिक्का घेऊन आले. त्या दिवशी त्यांनी मला कागदाचा फोटो पाठवला.

आणि या बुधवारी मी पिशवी घेऊन खाली उतरले, वळणावर वास आला, आणि खिशातला फोन वाजला. नसीमा होती. "आंटी, निकाल आला."

नामंजूर.

हरकत घ्यायला सात दिवस असतात. स्वयंसेवी गटाच्या वकीलबाईंनी सांगितलं, करीमभाईंचं म्हणणं मंगळवारपर्यंत लिहून हातात द्या. हरकतही फेटाळली तर राहतो तिसरा अर्ज. आणि तिसऱ्या अर्जाला आता पूर्वीसारखी ढाल नाही. कायदा बदललाय, निकाल लागायच्या आतही परत पाठवता येतं. परत म्हणजे कुठे? जो देश म्हणतो, असे लोक आमच्याकडे नाहीतच, त्या देशात. नसीमाचंही तेच, जी तिथे कधी गेलेली नाही आणि जिला येत्या फेब्रुवारीत नर्सिंगची प्रवेशपरीक्षा द्यायची आहे.

आज शनिवार. काल पाऊस पडला.

म्हणून आज नसीमाच्या शाळेतला तिचा शेवटचा खेळांचा दिवस आहे, आणि आमच्याकडे आजच्या तारखेचा शिक्का आहे. सकाळी आम्ही दोघं पुलावर चढलो. पाटीपाशी करीमभाई सवयीनं थांबले. त्यांनी खिशातून कागद काढला, तारीख वाचली, पुन्हा खिशात ठेवला आणि पुढे चालू लागले. मी जरा मागेच राहिले, त्यांना एकट्याला जाऊ दिलं.

मैदानाच्या कडेला सगळ्या आईबापांनी निळ्या ताडपत्र्या अंथरल्या होत्या. आम्हीही आमची अंथरली. रिलेला अवकाश होता. नसीमा पांढरा स्कार्फ घट्ट करत आमच्याकडे आली आणि करीमभाईंनी सकाळी माझ्याकडे ठेवायला दिलेला निकालाचा कागद मी पर्समधून काढला. तिला तो पूर्ण वाचायचा होता, पळायच्या आधी. घरी पहिल्या पानावरच्या 'नामंजूर'च्या पुढे जायचा तिला धीर झाला नव्हता.

तिनं उभ्यानंच वाचायला सुरुवात केली. दुसऱ्या पानावर करीमभाईंनी तिचा हात धरला. "रुको. ये फिर से."

"अर्जदार रोहिंग्या आहे हे मान्य करण्यात येत आहे," तिनं पुन्हा वाचलं. मग आवाज खाली आला. "अब्बा, पुढे नकार आहे."

"मालूम है."

त्यांनी कागद घेतला आणि ओळीवर बोट फिरवत ती अक्षरं शोधली. सापडली. सरकारच्या कागदावर, सरकारच्या शिक्क्याखाली. मग तिसऱ्या पानावर पुन्हा एकदा. ते कागदावर वाकून बसले होते, आजूबाजूला टाळ्या चालल्या होत्या. नकाराचा कागद वाचून एखाद्याचा चेहरा असा उजळलेला मी पाहिला नव्हता. मला त्याचा आनंद झाला आणि रागही आला. लोक कोण आहेत हे मान्य करायला दोन वर्षं, आणि मान्य करून पुन्हा म्हणायचं, परत गेल्यास धोका आहे हे सिद्ध होत नाही.

शिट्टी वाजली. नसीमा पळत गेली. ती या वेळी शेवटच्या टप्प्याला होती. करीमभाई ताडपत्रीवर उभे राहिले, आणि ती इतक्या जवळून गेली की तिच्या बुटांची माती आमच्यावर उडाली. तिचा दुसरा नंबर आला. ती आमच्याकडे न बघता सरळ पलीकडच्या बांधाकडे बघून हात हलवायला लागली, मग तिला आठवलं आणि ती वळली.

मी वही उघडून मांडीवर ठेवली होती. मंगळवारपर्यंत तीन दिवस. पहिली ओळ लिहिली, 'मी रोहिंग्या आहे', आणि न विचारता वही त्यांच्यासमोर धरली. त्यांनी शर्टावरची माती झटकली, खाली बसले, आणि अक्षरांवर बोट ठेवून ती मोठ्यानं वाचली. शेजारच्या ताडपत्रीवरच्या आजींनी वळून पाहिलं.

"ठीक है," ते म्हणाले. "आगे लिखिए."